वाढत गेलेली सरासरी

फुटबॉलला मी आयुष्यात एकदाच लाथ मारली, तीही चेंडू माझ्याकडे गडगडत आला म्हणून. चेंडू गटारात गेला आणि पोरी खो खो हसल्या. तरीही तीन वर्षं नांदेडच्या मुलींच्या संघात पुढे कोणी खेळायचं, म्हणजे गोल मारायला कोणाला उभं करायचं, यात माझा शब्द चालत होता. कारण माझ्याकडे वही होती.

मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो. आमच्या क्रीडाशिक्षकांनी एकदा स्टाफरूममध्ये सहज विचारलं, "सर, दोन स्ट्रायकरमधली चांगली कोण, हे गणितानं सांगता येईल का?" मी म्हणालो, गणितानं काय सांगता येत नाही? हा माझा स्वभावच आहे. बायको म्हणते, तुम्ही भाजीवाल्यालासुद्धा त्रैराशिक घालता. क्रीडाशिक्षकांचं सगळं डोळ्यांवर चालायचं. हिचा पाय बघा, तिची नजर बघा. मला अशा बोलण्याचा राग येतो. नजर काय फूटपट्टीनं मोजणार?

आमच्याकडे सामने एका मापाचे नसतात. ऊन चढलं की वीस-वीस मिनिटांचे होतात, पाहुण्यांचं भाषण लांबलं की पंधरा-पंधराचे. म्हणून सामन्यामागे किती गोल हे मोजणं मला अडाणीपणाचं वाटलं. मी प्रत्येकीची मैदानावरची मिनिटं लिहायचो आणि तासाला किती गोल पडतात ते काढायचो. शिवाय दर सामन्याला एक पान, त्यावर गोलपोस्टची चौकट, आणि गोल जिथून मारला तिथे एक ठिपका. पहिल्या वर्षी क्रीडाशिक्षक हसले. दुसऱ्या वर्षी संघ निवडताना स्वतःच विचारायला लागले, "वही काय म्हणते?" माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

वहीत सगळ्यात जास्त पानं एकाच मुलीची होती. मुखेडजवळच्या खेड्यातली. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील मजुरीला. पोरगी नांदेडला वसतिगृहात राहून बारावी करत होती. तिला पोलीस व्हायचं होतं, आणि ते तिनं कोणापासून लपवलं नव्हतं. खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, त्यासाठी राज्य स्पर्धेचं पदक लागतं. पदक असलं तरी भरतीच्या मैदानात आठशे मीटर पळून दाखवावंच लागतं, पण त्याची तिला काळजी नव्हती. पळण्यात तिचा हात धरणारी आमच्या जिल्ह्यात कोणी नव्हती. "सर, पदक तेवढं राहिलंय बघा. पळायचं माझ्याकडं लागलं," असं ती म्हणायची.

दसऱ्याच्या तीन आठवडे आधी आम्ही उदगीरला सामना खेळायला गेलो. मैदान म्हणजे वाळलेला गाळ, वर खडे. तिथे ती हवेतला चेंडू घ्यायला उडाली आणि उजव्या पायावर वाकडी उतरली. क्षणभर बसून राहिली, मग उठली, पँट झटकली आणि हसली. मी घड्याळ बघून मिनिट लिहिलं. खेळ थांबला की मिनिटं धरायची नाहीत, असा माझा नियम होता.

त्यानंतर तिची सरासरी वाढली. आधी दोन तासांत एखादा गोल पडायचा, आता तासाला एक पडायला लागला, पुढे त्याहून जास्त. मी हरखलो. स्टाफरूममध्ये वही उघडून दाखवली. क्रीडाशिक्षकांनी भुवया चढवल्या आणि म्हणाले, "हल्ली ती चेंडूच्या मागं जात नाही बुवा. एका जागी उभी असते." मी म्हणालो, "अहो, अक्कल आली तिला. कशाला उगीच पळायचं?" बाकीच्या पोरी चेंडू अगदी तिच्या पायात आणून देत होत्या. मागून आणायच्या, बाजूनं आणायच्या, स्वतःला गोल मारता येत असूनही तिच्याकडे द्यायच्या. संघाशी असं जुळलेली स्ट्रायकर मी पाहिली नव्हती. हेही मी वहीत लिहिलं, लाल शाईनं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तिच्या आईनं सगळ्या संघाला गावाकडे जेवायला बोलावलं. एसटीनं मुखेड, तिथून जीपनं गाव. आधी विहारात वंदना झाली. सगळं गाव गुडघे टेकून वाकलं, आमच्या पोरीही वाकल्या, मीही जमेल तसा वाकलो. ती मात्र भिंतीला हात लावून उभी राहिली. नुसते हात जोडले. दोन म्हाताऱ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. मला ते आवडलं नाही. चार गोल मारले की पोरींच्या डोक्यात हवा जाते, असं माझ्या मनात आलं आणि बाहेर पडताना मी तिला टोमणाही मारला, "काय बाई, आता वाकायचं बंद का?" ती हसली. बाजूला उभ्या असलेल्या तिच्या मैत्रिणी हसल्या नाहीत.

जेवायला पंगत बसली. ती वाढत होती. सगळ्यांचं झालं, तरी ती बसेना. चुलीपाशी उभ्यानंच भाकरीचा तुकडा मोडला. तिची आई हात पुसत माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, खेळून पोरीचे पाय लई दुखतात का हो? ही आल्यापासून बसंना झाली. पायऱ्या आडव्यानं उतरून राहिली. विचारलं तर काई न्हाई म्हणती."

मी त्या बाईला काय सांगितलं असेल? तिच्या मुलीची सरासरी सांगितली. म्हणालो, मावशी, पायात दुखणं असतं तर गोल वाढले असते का? तिला ते पटलं. शहरातला मास्तर वही घेऊन सांगतोय म्हटल्यावर पटणारच. "तुमी हाव म्हणून काळजी न्हाई," असं म्हणून तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

पुढच्या महिन्यात लातूरला विभागाचा संघ निवडायचा होता. राज्य स्पर्धा त्या वर्षी नांदेडलाच होती. संघात बहुतेक पोरी आमच्याच, पण स्ट्रायकरच्या जागेवर दोघी होत्या. आमची आणि एक उदगीरची. उदगीरच्या मुलीचे गोल कमी होते. ती सारखी पळायची, समोरच्या दोन-तीन जणींना अंगावर घेऊन बाजूला न्यायची, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून दुसरीच कोणी गोल मारायची. क्रीडाशिक्षकांना ती आवडली होती. म्हणाले, "दोघींना घेऊ. एक बाकावर ठेवू." मी अडून बसलो. अशी सरासरी असताना बाकावर दुसरी स्ट्रायकर कशाला? तिथे एक जादा बचावाची मुलगी घ्या. मी पानं उलटून उलटून दाखवली. तासभर वाद झाला आणि शेवटी निवड समितीनं माझं ऐकलं.

यादी लागल्यावर उदगीरची मुलगी बॅग घेऊन माझ्याकडे आली. रडलेली दिसत होती, पण बोलली सरळ. "सर, राग मानू नका. तुमची पोरगी उजव्या पायावर वळतच न्हाई. मी दोन दिवस तिलाच बघून राहिले. तिला काहीतरी झालंय."

मी तिला म्हणालो, "बाळ, कोल्ह्याला द्राक्षं आंबट." ती बॅग खांद्याला लावून स्टँडकडे गेली. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. एवढ्या सगळ्यांत खरं बोललेली ती एकटी, आणि मी तिला कोल्हा केलं.

तिचं बोलणं मात्र पायात काटा राहावा तसं मनात राहिलं. राज्य स्पर्धेत आम्ही दोन सामने जिंकलो, दोन्हीत आमच्या पोरीचे गोल. तिसऱ्या दिवशी उपांत्य सामना होता. तो जिंकला की पदक नक्की. त्या दिवशी सकाळी मैदानावर लवकर पोचलो. थंडी होती, चुना मारणारे अजून रेषा आखत होते. मंडपात खुर्ची ओढून बसलो आणि वही पहिल्यापासून चाळली. सरासरी नव्हे, ठिपके बघितले.

उदगीरच्या आधीचे ठिपके पानभर पसरलेले होते. लांबून मारलेले, दोन्ही बाजूंनी मारलेले. उदगीरनंतरचा एक एक ठिपका गोलच्या तोंडाशी, डाव्या अंगाला, इतका दाटीवाटीनं की शाई एकात एक मिसळली होती. पोरगी पळतच नव्हती. पळता येत नव्हतं म्हणून ती गोलपाशी उभी राहायची, आणि गोलपाशी उभी राहायची म्हणून गोल वाढले होते. दोन महिने मी तिचं दुखणं मोजत होतो आणि त्याला प्रगती म्हणत होतो. संघाशी जुळलेली म्हणून जे लाल शाईनं लिहिलं होतं, ते दहा पोरींनी मिळून केलेलं पांघरूण होतं. तिचं पळणं त्या वाटून घेत होत्या.

मी कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी गेलो आणि तिला बाहेर बोलावलं. ती चालत आली, अगदी सावकाश. मी विचारलं, "उदगीरपासून ना?"

तिनं मान हलवली.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"न्हाई सर. दाखवलं असतं तर खेळू दिलं नसतं." मग तिनं पँटचा पाय वर केला. गुडघा सुजलेला होता, वाटी कुठे ते कळत नव्हतं. "कधी कधी आतच अडकतो. हलवला की सुटतो." दारात तिच्या दोन मैत्रिणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"सर," ती म्हणाली, "खेळू ना मी आज?"

हे मी मुद्दाम जसंच्या तसं लिहितोय. बाकावर दुसरी स्ट्रायकर नव्हती, कारण ती मी येऊ दिली नव्हती. तिला बसवलं तर बहुतेक हरणार होतो, आणि हरलो तर पदक गेलं. शिवाय क्रीडाशिक्षकांना, समितीला सांगावं लागणार होतं की वहीनं सगळ्यांना खड्ड्यात घातलं. मी तिचं भलं बघितलं की माझी अब्रू, हे मला तेव्हाही नीट माहीत होतं.

मी म्हणालो, "पट्टी घट्ट बांध."

मैदानात क्रीडाशिक्षकांनी माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि विचारलं, "सगळं ठीक?" मी मान डोलावली. ऊन वर आलं होतं. लाऊडस्पीकरवर कोणी तरी पाहुण्यांची नावं वाचत होतं. मी मिनिटं लिहायला बसलो, पण पेन उघडलं नाही.

उत्तरार्धात तिनं गोल मारला. सगळ्या पोरी तिच्यावर झेपावल्या, आणि मी ओरडून उठलो, अंगावर जाऊ नका म्हणून, पण एवढ्या गोंगाटात कोण ऐकतंय. ती त्यातूनही उभी राहिली. शेवटची काही मिनिटं उरली असताना समोरच्या संघानं जोर केला, आमच्या पोरी मागे अडकल्या, आणि चेंडू सुटून मधोमध आला. आसपास कोणी नव्हतं. तिच्याकडे आणून देणारी एकही नव्हती. ती पळाली. पाच-सहा पावलं अगदी पूर्वीसारखी पळाली, मला वाटलं, अरे, बरी आहे की. मग तिनं उजवा पाय रोवून वळायला घेतलं आणि मोडून पडल्यासारखी खाली गेली. तिला कोणी शिवलंही नव्हतं.

सामना आम्ही जिंकलो. पदक तिला नंतर दवाखान्यात दिलं. ऑपरेशन झालं, आठ महिन्यांत ती सरळ चालायला लागली. तिच्या आईनं मला एकदाही जाब विचारला नाही. दर वेळी भेटली की फक्त म्हणायची, "सर, पळंल ना ही?" आणि मी दर वेळी म्हणायचो, पळेल.

भरतीच्या दिवशी नांदेडच्या पोलीस मैदानावर मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिच्या कागदांची फाईल माझ्याकडे होती, त्यात वर पदकाचं प्रमाणपत्र. पहिली फेरी ती घोळक्यात होती. दुसऱ्या फेरीच्या वळणावर पाय आखडला. ती थांबली नाही, चालायला लागली. बाकीच्या पोरी पोचल्या, वेळ संपली, शिट्टी झाली, तरी ती चालत राहिली. शेवटी एका हवालदारीण बाईनं जाऊन तिचा दंड धरला आणि तिला बाजूला आणलं.

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. घामानं निथळत होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. काही तरी बोलावं म्हणून म्हणालो, पुढच्या वर्षी पुन्हा बघू.

ती म्हणाली, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही न्हाई म्हणाल असं वाटलं होतं मला. म्हणूनच विचारलं होतं."

तिनं माझ्या हातातली फाईल घेतली आणि गेटकडे चालायला लागली. तिथे तिची आई उभी होती.