मागच्या सीटपर्यंत

माझा आवाज मोठा आहे, आणि त्यात माझा काही दोष नाही. बावीस वर्षं रत्नागिरी डेपोच्या लाल गाडीवर मी कंडक्टर होते. खडखडणाऱ्या गाडीत मागच्या सीटवर डुलक्या घेणाऱ्याला ‘मालगुंड आलं, उतरा’ हे ऐकू जायचं तर कुजबुजून चालत नाही. पण आमच्या ह्यांना हे कधी पटलं नाही. शाळेतले कारकून, जन्माचे मवाळ. मी मांडवीच्या घरात हाक मारली की समुद्रावर फिरायला आलेले लोक वळून बघतात, असं त्यांचं म्हणणं. “अगो, ही गाडी नाही,” हे वाक्य नोकरी लागल्यापासून ऐकत आले.

मस्कतला लेकीकडे दोन महिने राहून आम्ही परत निघालो, तेव्हा विमानाच्या दारातच ह्यांनी बजावलं, “इथे तरी हळू बोल हां. लोक काय म्हणतील!” मी म्हटलं, बरं बाबा.

ह्यांना साखरेचा आजार. इन्सुलिन घेतलं की लगेच पोटात काहीतरी जायला लागतं. सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ, या माझ्या डेपोच्या अकलेने मी त्यांना विमानतळावरच इंजेक्शन घ्यायला लावलं. जागेवर बसलं की लेकीने दिलेला डबा उघडायचा, असा बेत. पण बसतो न बसतो तोच एक हवाईसुंदरी आली, माझ्या पायाशी ठेवलेली पिशवी न विचारता उचलली आणि कुठेतरी लांब मागे वरच्या कप्प्यात नेऊन कोंबली. “उसमें डबा है, इनको खाना है,” मी हळू आवाजात म्हटलं. ती ऐकायलासुद्धा थांबली नाही.

दारं बंद झाली आणि विमान जागचं हलेना. अर्धा तास गेला. पट्टे बांधून बसा, उठू नका, एवढंच सारखं सांगत होते. मग ह्यांच्या कपाळावर घाम दिसला. ए.सी. एवढा गार की मी पदर लपेटून बसलेली, आणि हे घामाने डबडबलेले. तो घाम मी चांगला ओळखते.

मी डोक्यावरची बेल दाबली. तीच मुलगी आली, हात लांब करून बेलचा दिवा विझवला, “आफ्टर टेकऑफ,” म्हणाली आणि गेली. काय हवंय, हे विचारलंसुद्धा नाही! परत दाबली. परत आली, मी सांगायच्या आत परत विझवला. “मॅडम, बोला ना आपको!” तिसऱ्यांदा दाबली तर कोणी आलंच नाही. मागे पडद्यापाशी दोघी उभ्या राहून खिदळत होत्या.

अहो, माझ्या गाडीत एक बेल म्हणजे थांबा. कोण मारतंय, कशाला मारतंय ते आधी बघायचं, मग पुढचं. म्हातारीला घाटात मळमळलं तर तिकिटांच्या पेटीत आल्याच्या वड्या असायच्या माझ्या. आणि इथे ही पोर बेल वाजली म्हणून दिवा विझवते!

मी ह्यांच्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडले होते. हे बोलायला गेले तर जीभ जड झालेली. इंजेक्शन मीच घ्यायला लावलं होतं ना!

मग मात्र लाज गेली खड्ड्यात. पट्टा काढला, दोन सीटांच्या मधल्या वाटेत पाय रोवून उभी राहिले आणि बावीस वर्षांचा आवाज सोडला.

“ओ मंडळी! माझ्या माणसाची साखर उतरलीय! खजूर, चॉकलेट, गोड काय असेल ते काढा! हातोहात पुढे द्या!”

“मॅडम, सिट डाउन!” हवाईसुंदरी धावली. कोण ऐकतंय! अर्धं विमान आपल्याच बाजूचं, घरी निघालेलं. पिशव्यांत खाऊ नाही असा माणूस सापडायचा नाही. भरल्या गाडीत मागच्याचं तिकीट पोचतं करतात, तसा खजुराचा डबा या हातातून त्या हातात येत माझ्यापर्यंत पोचला. पलीकडच्या दाढीवाल्या चाचांनी नातीसाठी घेतलेला ज्यूस स्वतः फोडून दिला. मागून कोणीतरी ओरडलं, “काकी, कुठला डेपो?”

“रत्नागिरी!” मी तिथूनच ओरडले. विमानभर हशा पिकला.

मला कुठलं हसू! माझे डोळे ह्यांच्या थरथरणाऱ्या हातावर. ज्यूस घोट घोट पाजला, मग एक खजूर, दुसरा, तिसरा. दहा-पंधरा मिनिटांनी हात थांबला, घाम आटला. ह्यांनी वर बघितलं आणि म्हणाले, “केवढ्याने ओरडलीस गो!”

देवा शपथ सांगते, इतकं गोड मला ते कधीच बोलले नव्हते.

आता हवाईसुंदरी पाण्याचा पेला घेऊन उभी. “मॅडम, आपने बताया नहीं.” मी तोंड उघडायच्या आधी चाचाच गरजले, “तीन बार बेल बजाया उन्होंने!” मी तिला म्हटलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “बेटा, बत्ती बंद करने से पहले पूछने का, क्या हुआ. बाईस साल मैंने यही किया.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. हवाईसुंदऱ्यांमधली मोठी बाई स्वतः माझी पिशवी घेऊन आली आणि माफी मागून गेली. मुंबईला उतरताना ती पोर दारात उभी होती. खाली मान घालून “सॉरी, आंटी” म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शिकेल.

परवा ह्यांची साखर तपासायला दवाखान्यात गेलो. काउंटरवरची मुलगी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली. हे शेजारी होते म्हणून मी सवयीने हळूच म्हटलं, “अहो ताई, जरा ऐकता का?” तिने मान वर केली नाही.

ह्यांनी मला कोपराने ढोसलं. “पुटपुटतेस काय? मागच्या सीटपर्यंत जाऊ दे!”