‘सोडा’ म्हणजे कुठे?

“महिने सांगता येतील, वर्षं नाही,” कन्सल्टंट म्हणाले, तेही माझ्या मुलीकडे बघत. मरणार मी आणि बातमी तिला! हीथ्रोच्या चेक-इन काउंटरवर उभा जन्म इंग्रजीत भांडण्यात गेला माझा. पण हॉस्पिटलचा गाऊन चढला की बाईचं इंग्रजी जातं, असा इथे समज असावा.

स्वादुपिंडाचा कॅन्सर आणि मेटास्टॅसिस, म्हणजे आजार मूळ जागेवरून दुसरीकडे पसरणं. माझा यकृतात गेला होता. सुरुवात पाठदुखीनं झाली आणि मी बरेच दिवस गादीला शिव्या घालत होते. तुमची पाठ दुखत असेल आणि वजनही उतरत असेल, तर गादी बदलत बसू नका, जीपीकडे, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, जा.

वेदना आवरेनात म्हणून मला वॉर्डात ठेवलं. तेव्हा इथल्या ब्रिटिश संसदेत ते विधेयक गाजत होतं. थोडेच महिने उरलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या मदतीनं आपलं आयुष्य संपवता यावं, असं विधेयक. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘इच्छामरण’ या शब्दावरून जुंपली होती. माझी मुलगी जुई कायद्याच्या बाजूनं. मेडनहेडहून येणारा माझा धाकटा भाऊ श्याम कट्टर विरोधात. दोघंही व्हिजिटिंग अवरला यायचे आणि माझ्या पायांशी उभे राहून भांडायचे. मी जिवंत आहे याचं दोघांनाही भान नसायचं.

एका दुपारी मॉर्फिनच्या गुंगीत मी म्हणाले, “बास झालं. मला आता सोडा.”

जुई इथेच जन्मलेली. तिचं मराठी माझ्यापुरतं. ती रडत नर्सकडे गेली आणि म्हणाली, “She wants us to let her go.”

झालं! जुई माझा हात धरून म्हणाली, “आई, ही तुझा इच्छा आहे ना? म्हणून तर लॉ पाहिजे.”

श्याम उसळला. “ताई औषधाच्या अमलाखाली बोलतेय. उद्या कायदा झाला तर म्हाताऱ्यांना असंच बोलायला लावतील. ओझं नको म्हणून माणसं सह्या करतील!”

मला तोंड उघडायचं होतं, पण जीभ जड झालेली. माझ्याच वाक्याचे लचके तोडत होते दोघं. इतका संताप मला कॅन्सरचाही आला नव्हता.

संध्याकाळी पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टर आल्या. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा करणं नव्हे, त्रास कमी करणं. त्यांनी दोघांना बाहेर काढलं, खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, “Let you go where?”

“Home,” मी म्हणाले. “Hounslow.”

त्या हसल्या नाहीत. घरी वेदनेच्या औषधाचा पंप लावता येईल, नर्स येऊन जाईल, असं त्यांनी मलाच समजावलं. मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

आता मी घरी आहे. खालून फोडणीचा वास येतो आणि दोन घास जातात. भांडण थांबलेलं नाही, फक्त स्वयंपाकघरात सरकलं आहे. श्याम म्हणतो ती भीती खोटी नाही. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई ज्या वेदनेत गेली ते पाहिल्यावर जुईलाही मी चूक म्हणणार नाही. दोघं बोलतात मात्र माझ्या नावानं. इच्छामरणातली इच्छा कुणाची, एवढं तरी कळायला नको?

तुमच्या घरी असा आजार आला, तर कायद्यावर खुशाल भांडा. पण आधी खाटेवरच्या माणसाला विचारा आणि त्याचं बोलणं पुरं होऊ द्या.

माझंही एक मत आहे. परवा जुईनं पहिल्यांदा ते विचारलं. मी तिला एवढंच सांगितलं, “मरायचं असेल त्या दिवशी ‘मरायचंय’ म्हणेन, तुला कळेल अशा भाषेत. तोवर मी ‘सोडा’ म्हटलं, की गाडी काढायची.”