धुळ्यात बनलेला स्क्रू

या ब्लॉगवर मी हिमाचल लिहिलं, केरळ लिहिलं, पण माझा सगळ्यात भारी प्रवास विचाराल तर तो नाशिक ते धुळे, लाल एसटीने, सत्तरच्या दशकातला. हसू नका! मी तेव्हा बावीस वर्षांची, शाळेत नवीकोरी मास्तरीण. दिवाळीची सुट्टी लागली आणि धुळ्याहून ताईचं पत्र आलं : 'लगेच ये. यांना सोमवारी वरणगावला नोकरीवर हजर व्हायचंय आणि हे ऐकायला तयार नाहीत.' हे म्हणजे माझे भाऊजी. पत्र वाचलं आणि पिशवी भरली.

शुक्रवारी सकाळची गाडी धरली. आग्रा रोडने चांदवडचा घाट, मग मालेगाव. आता हायवेने तीन तासांत पोचाल, तेव्हा अर्धा दिवस जायचा. मालेगावला चहाला उतरलात तर सीटवर रुमाल टाकायला विसरू नका. मी विसरले आणि धुळ्यापर्यंत दांड्याला लटकत आले. मेलं नशीबच!

धुळ्याच्या गल्ल्या सरळ रेषेत आखलेल्या आणि त्यांना चक्क नंबर. पत्ता चुकायची सोयच नाही, तरी मी चुकले. फिरत फिरत पांझरा नदीच्या काठाला निघाले, तर पाणी गुडघाभर आणि गाव मात्र जोरात. कापडगिरणीची चिमणी, जिनिंगचे पत्रे, ऑइल मिलांपुढे शेंगांनी भरलेल्या बैलगाड्यांची रांग. भाजलेल्या शेंगदाण्याच्या वासाने मला अशी भूक लागली की विचारू नका.

ताईकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, भरीत आणि कांद्याची पात होती. पण घरात धुसफूस चालली होती. भाऊजींचे वडील आबा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी वरणगावच्या सरकारी नोकरीसाठी मुलाची ट्रंकही भरून ठेवली होती. भाऊजींना मात्र स्वतःचं वर्कशॉप चालवायचं होतं. एक जुना लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र, वर पत्रा, एवढंच ते वर्कशॉप.

"सरकारी नोकरी सोडून लोखंड घासत बसणार?" आबा म्हणाले.

"आबा, रविवारपर्यंत थांबा. घाणा चालला नाही तर मुकाट्याने जाईन."

गोष्ट अशी होती. ऑइल मिलच्या यंत्रघाण्यात शेंगदाणे दाबून तेल काढणारा एक लांब पिळाचा स्क्रू असतो. तो झिजला की नवा लांबून रेल्वेने यायचा, आणि ऐन हंगामात घाणा आठवडेच्या आठवडे बंद. भाऊजी मिलच्या शेठजींना म्हणाले, मी इथेच बनवतो. शेठजींचे आजोबा राजस्थानातून आलेले. माणूस पक्का व्यापारी. "चालला तर माझ्या सगळ्या घाण्यांचं काम तुमचं. नाही चालला तर विषय बंद," असं सांगून ते मोकळे झाले.

शनिवारी सकाळी भाऊजींनी बनवलेला स्क्रू बसवला. ताई आणि मीही गेलो. पट्टा फिरला, धडधड सुरू झाली, मी हात जोडले. एका बाजूने चोथा, म्हणजे पेंड, पडू लागली आणि घाण्यावरचे म्हातारे नाना मान हलवायला लागले.

"मिस्तरी, पेंड जाड शे. बठ्ठं तेल पेंडमाच राही गयं."

खरंच, सगळं तेल पेंडीतच राहिलं होतं; तुकडा हातात घेतला तर हात तेलकट. शेठजी पाठ फिरवून निघून गेले. भाऊजींचा चेहरा बघवेना. मला रडूच आलं.

वर्कशॉपमध्ये परत आलो. जुना आणि नवा स्क्रू शेजारी शेजारी पडले होते. पुढचं मला सुचलं असं लिहायला फार आवडलं असतं, पण मी शेंगदाणे खात होते. सुचलं ताईला. ताई घरी ब्लाउज शिवायची, गल्लीत तिच्या हाताला नाव होतं.

"अहो, माप कुठून घेतलंत?"

"जुन्यावरून. सुताचा फरक सापडणार नाही."

"पण जुना झिजलेला ना? वापरून सैल झालेल्या ब्लाउजवरून माप घेतलं तर नवाही सैलच होणार!"

भाऊजी तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी असा कपाळावर हात मारला की काजळीचा पंजा उमटला. इतक्या इमानाने काम केलं होतं की झीजसुद्धा उतरवली होती! तसेच धावत मिलमध्ये गेले. स्क्रू ज्या जाळीत फिरतो तिच्या न झिजलेल्या टोकाशी आतून माप घेतलं, वेल्डिंगने पिळांवर भर घातली आणि लेथ सुरू केला. ताई चहा देत होती आणि मापं वाचून दाखवत होती.

रविवारी दुपारी पुन्हा पट्टा फिरला. या वेळी आबाही आले होते, टोपी घालून, दाराशी उभे. आधी काहीच होईना. मग पेंड पडली आणि नाना ओरडले, "निंघनं रे भाऊ! पेंड दख, पापड शे पापड!" खाली तेलाची धार लागली. गाडीवानसुद्धा आत घुसले. मी तर शिट्टी मारली, मास्तरीण असून!

शेठजींनी गड्याला पाठवून पेढे मागवले. आबा पुढे झाले, पेंडीचा तुकडा उचलून कटकन मोडला, बोटं एकमेकांवर चोळून बघितली, तर कोरडी.

"तू केलंस?"

"निम्मं हिने," भाऊजी ताईकडे बोट दाखवून म्हणाले.

घरी गेल्यावर आबांनी स्वतः ट्रंक उघडली आणि कपड्यांच्या घड्या परत कपाटात लावल्या. भाऊजी 'मी लावतो' म्हणाले तर त्यांना ओरडले.

सोमवारी मी नाशिकला परतले, या वेळी खिडकीशी बसून. धुळ्याला जाणार असाल तर हिवाळ्यात जा, भरीत खा, आणि नदीत पाणी कमी दिसलं म्हणून नाक मुरडू नका. माझ्याजवळ काय उरलं म्हणाल, तर महिन्याभराने आलेलं आबांचं पोस्टकार्ड. कचेरीतलं वळणदार अक्षर : 'वरणगावला नकार मीच लिहून पाठवला. शेजारच्या मिलचाही स्क्रू आला आहे. बोर्ड रंगवून घेतला, त्यावर सूनबाईचंही नाव घातलं. पुढच्या वेळी आलीस की स्टँडवर वर्कशॉप विचार. माझं नाव सांगू नकोस; मला आता सगळे मिस्तरीचा बाप म्हणून ओळखतात.'