कपाटाची जागा

वसतिगृह उघडायच्या आदल्या दिवशी किल्लीमावशी जेवणघरातलं लांब टेबल ओल्या फडक्याने पुसायच्या, ते वाळेपर्यंत थांबायच्या आणि मग त्यावर मुलींचे अर्ज मांडायच्या. एकोणसाठ खोल्या, प्रत्येकीत दोघी. कोणी कोणासोबत राहायचं हे ठरवायचं काम कागदोपत्री रेक्टरबाईंचं. पण रेक्टरबाई तीन-चार वर्षांनी बदलायच्या आणि मावशी एकतीस वर्षं तिथल्या किल्ल्या सांभाळत होत्या. यादी मावशी करायच्या, खाली सही रेक्टरबाईंची व्हायची.

"जोड्या लावायला बसलात वाटतं," फाटकावरचा पहारेकरी आत डोकावून म्हणायचा. "यंदा कितींचा संसार मोडणार?"

"तुझा टिकलाय ना अजून? मग जा, फाटक बघ."

अर्जावरचे गुण मावशी वाचत नसत. आधी फोटो बघत, मग पालकाचा व्यवसाय, मग अक्षर. अर्ज मुलीने स्वतः भरलाय, वडिलांनी भरलाय, की दुसऱ्या कोणाकडून भरून घेतलाय, हे त्यांना अक्षरावरून बरोबर कळायचं. ज्या घरातून विद्यापीठात येणारी ती पहिलीच मुलगी, तो अर्ज त्या डाव्या हाताला ठेवत. डावीकडचे अर्ज म्हणजे तळमजल्याची मागची बाजू. स्वयंपाकघराला लागून बारा खोल्या, मावशींच्या खोलीच्या अगदी समोर. गवंड्याची मुलगी हमालाच्या मुलीसोबत, आयाची मुलगी भाजीवालीच्या मुलीसोबत. "आपलं दुखणं एकमेकींना फोड करून सांगावं लागत नाही," त्या म्हणत. थंडीतली जास्तीची ब्लँकेटं आधी त्या बारा खोल्यांत पोचत. खिडकीची कडी मोडली तर दुसऱ्या दिवशी नवी बसे. कोणाला ताप आला तर मावशी उशाशी बसत. आयुष्यात आपल्या हातून एक गोष्ट धड झाली, असं त्यांना वाटे, ती ही.

त्याला कारण होतं. अठराव्या वर्षी मावशी याच वसतिगृहात शिकायला आल्या होत्या. वडील इस्त्रीवाले. घरातल्या सगळ्या कपड्यांना कोळशाचा वास, पण नाकाला त्याची इतकी सवय, की असा काही वास येतो हेच ठाऊक नव्हतं. खोली वरच्या मजल्यावर मिळाली, सोबत एका वकिलाची मुलगी. तिसऱ्या दिवशी तास संपवून परतल्या तर खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून ओढून मधोमध उभं केलेलं. "दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो गं," वकिलाची मुलगी गोड आवाजात म्हणाली होती. पुढचे चार महिने त्या कपाटाच्या पाठीकडे बघत झोपल्या. कपाटाची पाठ कोणी रंगवत नाही. पाचव्या महिन्यात त्यांनी ट्रंक उचलली. दोन वर्षांनी वडील गेल्यावर पुन्हा त्याच इमारतीत आल्या, चादरी धुवायच्या कामावर. किल्ल्या पुढे हाती आल्या. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. आपल्या हाताखालच्या एकाही मुलीला कपाट ओढल्याचा आवाज ऐकावा लागणार नाही, एवढंच त्यांनी तेव्हा ठरवलं आणि आजवर पाळलं.

यंदाच्या अर्जांत डावीकडे एक शिंपिणीची मुलगी होती. वडील नाहीत, आई शिवणकाम करते, अक्षर मुलीचं स्वतःचं. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती मावशींच्या दारात येऊन उभी राहिली. मावशी पडद्याच्या कड्या ओवत बसल्या होत्या.

"मावशी, मला वर खोली द्या."

"का? सोबतिणीशी बिनसलं?"

"नाही, ती चांगली आहे."

"ढेकूण झाले?"

"नाही हो."

"मग सुखासुखी पाय का वळवळताहेत?"

मुलगी चौकटीला टेकली. "वर्गातल्या बहुतेक मुली वर राहतात. आम्हाला गटात मिळून काम करायचं असतं, त्याचे गट वर्गात पडत नाहीत. संध्याकाळी जिन्यात पडतात. सकाळी मी जाते तेव्हा सगळे भरलेले. मागच्या वेळी सरांनी मला उरलेल्यांत टाकलं. उरलेल्या आम्ही तिघी, तिघीही याच बाजूच्या. शून्य नाही मिळालं, पण शून्याच्या शेजारचं मिळालं."

"एकमेकींना विचारायचं मग."

"विचारतोच ना. पण आम्हा सगळ्यांना तेच माहीत असतं, आणि सगळ्यांना तेच माहीत नसतं."

मावशींच्या हातातली कडी दोऱ्यातून निसटली. "वर तुला कोणी जवळ करायचं नाही. माझ्याकडून लिहून घे."

"नको करू दे. बोलणं कानावर तरी पडेल." ती थोडं थांबली. "या सत्रात गुण गेले तर शिष्यवृत्ती जाते. आईने दुसरं मशीन आणून ठेवलंय. असू दे हाताशी, म्हणते."

"पुढच्या वर्षी बघू," मावशी म्हणाल्या. मुलगी वळली तेव्हा तिच्या कुडत्याची पाठीवरची शिवण त्यांना दिसली. इतकी सरळ शिवण विकतच्या कपड्यांना नसते.

आठवड्याभरात विद्यापीठातून एक तरुण अधिकारीबाई आल्या. सगळ्या तऱ्हेच्या घरांतून येणाऱ्या मुली एकत्र राहतात का, कोणी एकटी पडते का, हे बघायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी दोन्ही मजल्यांचा नकाशा टेबलावर पसरला आणि अर्ज बघून त्यावर ठिपके चिकटवले. घरातून पहिलीच शिकणारी मुलगी असेल तर लाल, नाहीतर निळा. दोन तासांनी मावशींना बोलावणं आलं.

"हे आपोआप झालेलं नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "यादी कोण करतं?"

रेक्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"मीच करते," मावशी म्हणाल्या. आवाजात अभिमान होता. तो आधी बाहेर पडला आणि मग त्यांची नजर नकाशावर गेली. सगळे लाल ठिपके एका कोपऱ्यात. अंगभर न येता एकाच गुडघ्यावर कांजिण्या उठाव्यात तसे.

"किती वर्षं?"

"एकतीस."

अधिकारीबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "या बारा खोल्यांतल्या किती जणी शिक्षण पुरं करून जातात?"

हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. पण जाणारीकडून किल्ली परत घ्यायचं काम मावशींचं, त्यामुळे उत्तर त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला माहीत असणं शक्य नव्हतं. "निम्म्या," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांची घरची परिस्थिती..." पुढचं वाक्य इतकी वर्षं त्यांच्या तोंडात तयार असायचं. ते आलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी वरच्या मजल्यावरची एक किल्ली काढली. तिथली एक मुलगी नातेवाइकांकडे राहायला गेल्याने खाट रिकामी होती. खोलीत दुसरी होती ती एका डॉक्टरांची मुलगी. शिंपिणीच्या मुलीची गादी मावशींनी स्वतः वर नेऊन टाकली. डॉक्टरांच्या मुलीने हसून "या ना" म्हटलं. मावशींना ते हसू आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या जेवणघरात बाकं सरळ करत होत्या. डोक्यावर, छतापलीकडे, लोखंडाचे पाय फरशीवरून घासत गेले. थोडं थांबले. पुन्हा घासले. मावशींनी हातातलं बाक खाली ठेवलं. तेवीस पायऱ्या चढून त्या वर गेल्या. गुडघ्यांमुळे जिना चढायचं त्यांनी जवळजवळ सोडलंच होतं.

दार उघडं होतं. कपाट खोलीच्या मधोमध. डॉक्टरांची मुलगी धापा टाकत उभी होती. "दिव्याचा त्रास होतो मावशी, म्हणून फक्त," ती म्हणाली.

"कपाट जागेवर ठेव."

कपाटाच्या पलीकडून शिंपिणीची मुलगी बाहेर आली. मावशींचा दंड धरून तिने त्यांना व्हरांड्यात नेलं आणि दार ओढून घेतलं.

"तुम्ही खाली जा, मावशी."

"तुला कळत नाही, पोरी. मी या..."

"मला कळतंय. मी काय आंधळी आहे?" तिचा आवाज अगदी खाली होता. "तुम्ही आत्ता तिला बोललात, तर उद्या मी जिन्यात आले की सगळ्या गप्प होतील. मग मी वर आले कशाला?"

"झोप नाही लागायची तुला त्या कपाटामागे."

"नाही लागली तर अभ्यास करेन."

मुलगी आत गेली, दार लागलं. उतरताना त्यांनी कठड्याला घट्ट धरलं. वळणावर पाच-सहा मुली पायऱ्यांवर बसून कसलं तरी ठरवत होत्या. मावशींना वाट द्यायला त्या सरकल्या आणि पुन्हा बोलू लागल्या.

त्यानंतर शिंपिणीची मुलगी मावशींच्या खोलीत कधी चहाला आली नाही. जिन्यात भेटली तर मान हलवायची. मागच्या बाजूच्या मुली तिला "वरच्या बाई" म्हणू लागल्या. एकदा ती ताट घेऊन त्यांच्या बाकावर बसायला गेली, तेव्हा एक जण म्हणाली, "अय्या, वर जागा नाही वाटतं?" सगळ्या हसल्या. मुलगीही हसली, जेवली आणि उठून गेली. मावशी वाढत होत्या, त्यांनी ते पाहिलं. वर्षाअखेरी ती पास झाली. जेमतेम, पण शिष्यवृत्ती टिकली. पहारेकऱ्याने ही बातमी आणली. तिने सांगितली नाही.

सुट्टीत खोल्या तपासायला मावशी वही घेऊन वर गेल्या. खाटा दोन, टेबलं दोन, दिवे दोन. कपाट अजून मधोमध होतं. मावशी शिंपिणीच्या मुलीच्या खाटेवर बसल्या आणि पुष्कळ वर्षांनी समोर कपाटाची न रंगवलेली पाठ बघितली. तिच्यावर कागद डकवलेले होते: वेळापत्रक, पुस्तकांची नावं, एका गटाची यादी. यादीत पाच नावं होती. चार एका शाईत, एका हाताने लिहिलेली. पाचवं तिचं, सगळ्यांत खाली, दुसऱ्या शाईत.

मावशी उठल्या. कपाटाला खांदा लावून एकदा ढकलून पाहिलं. फरशीवर दोन पांढरे ओरखडे होते, त्यांतून ते तसूभरही हललं नाही. मग त्यांनी वही उघडून लिहिलं: कपाट, जागेवर नाही. आणि ते होतं तसं ठेवून दाराला कुलूप लावलं.