आई, मी तात्यांना माफ केलं नाही

आज सकाळी मी एका म्हाताऱ्या माणसाला भर अंगणात, सगळ्यांसमोर उघडं पाडलं.

आणि मला बरं वाटलं.

आईला जाऊन आज वर्ष झालं. ही पोस्ट तिच्यासाठी आहे. पण त्या माणसाबद्दल लिहिल्याशिवाय तिच्याबद्दल लिहिता येत नाही.

माझी आई मार्थाबाई. किन्हवलीच्या पुढे आमचं गाव, त्यात ख्रिस्ती घर एकच, आमचं. मी सातवीत असताना बाबा गेले. गावातली बालवाडी शहापूरची एक संस्था चालवते. तिथे आई चौदा वर्षं बाई होती.

शेजारी तात्यांचं घर. गावात त्यांचा शब्द चालतो.

नऊ वर्षांपूर्वी तात्यांनी संस्थेकडे लेखी तक्रार केली. मार्थाबाई पोरांना येशूची गाणी शिकवते, पोरं बाटवते. खाली अकरा सह्या आणि अंगठे.

गाणं होतं हात धुवायचं. नखं कापायचं. बस्स.

आईला काढलं. महिन्याभरात तिच्या जागी तात्यांची सून सुरेखा लागली.

मी दोन दिवस जेवले नाही. आई तिसऱ्या दिवशी लोकांच्या भातकापणीला गेली. उपासनेतलं गाणं मोठ्याने म्हणत. बांधावरून तात्या जात होते, तर त्यांना म्हणाली, "तात्या, पाणी पिवून जा."

मी घरी येऊन भांडले.

"तुला राग कसा येत नाय गो आई?"

"येतो ना. पन रात न् दिस त्यालाच काय घेऊन बसू? आनंद मला प्रभूनं दिलाय. तात्यानं दिला नाय, तर तात्याला नेता पन येनार नाय."

पुढे थंडीत ती भाजीची पाटी घेऊन एसटीने शहापूरच्या बाजारात जायला लागली. कंडक्टरपासून सगळ्यांना हसवायची. आणि इकडे सुरेखाला बालवाडीत पोरं आवरेनात, तर आईने कुंपणाशी उभं राहून तिला शिकवलं. कुठलं गाणं शिकवलं असेल?

तेच. हात धुवायचं.

तेव्हा मात्र कुणी बाटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आईच्या पोटात गाठ निघाली. केमोने केस गेले. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "आता उवांना दुसरा गाव बघाया लागंल." वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. मी बाहेर जाऊन रडले.

त्याच सुमारास संस्थेत नवीन मॅडम आल्या. मी शहापूरला मेडिकलमध्ये काम करते, त्या तिथे औषधं न्यायला यायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी जुनी फाइल शोधून त्या तक्रारीची झेरॉक्स मला दिली.

मी एकेक नाव वाचत गेले. नववा अंगठा धोंडीआजीचा.

धोंडीआजी शिमग्यात वारली होती. तक्रार त्याच वर्षीच्या गणपतीतली.

मी मिळाली ती एसटी पकडून घरी आले. तर तात्या आमच्या पडवीत बसलेले. आईला बघायला आलेले. आईने त्यांना चहा द्यायला लावला होता. त्यांनी बिस्किटं खाल्ली, "बरी होशील" म्हणाले आणि गेले. माफीचा एक शब्द नाही.

मी कागद आईसमोर धरला.

तिने नीट बघितलापण नाही. "मला म्हायती हाय. संस्थेच्या साहेबानं तवाच दाखवलेला."

"मग बोलली का नाय?"

"सुरेखाला सातवा महिना होता. नवरा दारूत. तिला कुनाचा आधार होता? मी बोलली असती तर तिची नोकरी गेली असती."

"आणि तुझी गेली ती?"

"मी जगली ना? मजेत जगली. तू पन गप ऱ्हा, पोरी."

मी हो म्हटलं नाही.

ती गेली तेव्हा तात्या मूठमाती द्यायला आले. मी त्यांचं मनगट धरलं. माती खड्ड्याबाहेर सांडली. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेतलं, नाहीतर तिथेच झालं असतं सगळं.

मग मी अर्ज केला. संस्थेने चौकशी लावली. मागच्या आठवड्यात पत्र आलं. तक्रार खोटी होती, मार्थाबाईंवर अन्याय झाला, संस्था दिलगीर आहे.

आज घरी प्रार्थना ठेवली होती. तात्यांना मी स्वतः फोन केला. पुढच्या खुर्चीत बसवलं.

प्रार्थना झाली आणि मी पत्र वाचलं. मग तक्रार वाचली. अकराच्या अकरा नावं, सावकाश. धोंडीआजीच्या नावावर थांबले आणि तात्यांकडे बघत राहिले.

मागून सुरेखा उभी राहिली. शेजारी तिची आठ वर्षांची मुलगी.

"मामंजी, धोंडीआजी तवा जिती होती काय?"

तात्या उठले. चप्पल न घालता घरी गेले.

नऊ वर्षं मी या एका क्षणाची वाट बघत होते. खोटं कशाला बोलू, गोड लागला.

सुरेखा माझ्याजवळ आली. म्हणाली, "ताई, मला म्हायती नव्हता. उद्यापासून मी बालवाडीत जानार नाय." आणि पोरीचा हात धरून निघाली.

आई गप का राहिली होती, ते तिने सांगितलं होतं, पण मला कळलं तेव्हा. नऊ वर्षांत मी सुरेखाचा एकदाही विचार केला नव्हता.

आई, तू सगळं सोसून हसत राहिलीस. मी आज जिंकले, पण तुझं हसू काही मला आलं नाही.

सुरेखाकडे उद्या जाईन. नोकरी सोडू नको म्हणून हात जोडीन, मॅडमशीही बोलेन.

तात्यांकडे जाणार नाही.

एवढं तू मला करायला लावू नकोस.

प्रभूच्या घरी सुखात राहा, मार्थाबाई. तुझ्या लेकीचा सलाम.