तोरणाआधी सुटलेला बैल

आमच्या घरचा बैल दहा टनांचा होता आणि त्याला ब्रेक नव्हते. यातली दुसरी गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

'आमच्या घरचा' असं लिहून गेलो खरा, पण घर डोमामामांचं. मी तिथं तेव्हा अकरा वर्षं राहत होतो, एवढंच. मूळचा मी माणदेशातला. आठवीत गुरुजी मला रोज 'बैल' म्हणायचे. ते मनाला लागलं आणि मी शाळा सोडली. (गुरुजींनी थांबवलं वगैरे नाही.) मग ट्रकवर क्लीनर झालो. एका खेपेला शहापूरच्या ढाब्यावर तापानं फणफणलो, तर ड्रायव्हर मला बाकड्यावर ठेवून पुढं निघून गेला. शेजारच्या बाकड्यावर डोमामामा चहा पीत होते. माणूस फौजेतून निवृत्त झालेला. उभी नोकरी रिकव्हरी गाडीवर काढलेली, म्हणजे उलटलेल्या, रुतलेल्या, बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायच्या. रस्त्याकडेला काही बंद पडलेलं दिसलं की त्यांना राहवत नाही. त्यांनी मलाही ओढून आणलं, दिघोरीच्या अलीकडं, त्यांच्या गावाला. गावाचं नाव सांगत नाही. पुढचं वाचलंत की का ते कळेल.

अकरा वर्षांत मला कोणी 'जा' म्हटलं नाही. पण 'राहा' असंही कोणी म्हटलेलं नव्हतं. त्यामुळं माझी पिशवी खुंटीला भरलेलीच असायची: दोन शर्ट, टॉवेल, आधार कार्ड. मामींनी ताटात दुसऱ्यांदा भात वाढला की मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो. ही शेवटची वाढणी तर नव्हे?

लंपीच्या साथीत मामांची बैलजोडी गेली. आठ दिवसांत दोन्ही. त्यानंतर दोन वर्षं पोळ्याच्या दिवशी सारं गाव तोरणाकडं जायचं आणि मामा रिकाम्या गोठ्यात खाट टाकून बसायचे. मामी पुरणपोळी करायच्या, ती कुणाच्या घशाखाली उतरायची नाही.

तिसऱ्या वर्षी मामांना चिखल्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या आवारात एक जुनी फौजी रिकव्हरी गाडी दिसली. मागं क्रेन, पुढं तार गुंडाळणारा विंच, आत साळुंकीचं घरटं. अगदी त्यांनी चालवलेली तीच जात. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांना ओढून आणलं, तिला ट्रेलरवर निजवून आणावं लागलं. मामींनी दारातच विचारलं,

"हे काय आनलं गा?"

"बैल."

मामींनी आत जाऊन गोठा झाडायला घेतला.

आठ महिने आम्ही गंज खरवडत होतो. खरवडता खरवडता एक दिवस दाराचा पत्राच हातात आला.

"मामा, गंज काढला तर खाली काहीच उरंना."

"राहू दे मंग. गंजानंच धरून ठेवलं हाय तिले. मलेबी."

इंजिन मामांनी घेतलं, ब्रेक माझ्याकडं दिले. ब्रेक हवेवर चालायचे. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरायची, बंद केलं की कुठून तरी फुसफुस गळायची, आणि हवा संपली की ब्रेकही संपला. ती गळती मला शेवटपर्यंत सापडली नाही. हँडब्रेकचा नुसता दांडा होता, शोभेला, आणि गिअर उतारावर सटकायचा. मामांनी विचारलं, "ब्रेक झाले का, बाबू?" मी म्हटलं, "झाले." कारण काम जमत नाही म्हटल्यावर माणसाला घरात कशाला ठेवतील?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात आणि कानात जेवायचं आमंत्रण देतात. मामांनी गाडीचे मडगार्ड मळले. मग कान शोधला. (बाजूचा आरसा.) त्याला तोंड लावून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी मागं तुपाची वाटी धरून उभा होतो. खोटं कशाला सांगू, मला गाडीचा हेवा वाटला. आठ महिन्यांपूर्वी आलेल्या लोखंडाला आवतण, आणि मी अकरा वर्षं बिनआवतणाचा जेवतोय.

दुसऱ्या दिवशी क्रेनला शिंगांसारखा लाल रंग, बॉनेटवर मामींनी लुगड्याची शिवलेली झूल, टोकाला फुगे. मी स्टेअरिंगवर. मामा पुढं, बंपरला बांधलेलं दावं हातात धरून, छाती काढून चालत होते. दोन वर्षांत त्यांना असं चालताना मी पाहिलं नव्हतं. त्या दाव्यानं दहा टन कुठं थांबणार होते, पण ते धरायला मिळावं म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

तोरण बांधलं होतं देवळापासून समोरच्या कडुलिंबापर्यंत. रस्ता उताराचा, आणि उताराच्या पायथ्याशी बोडी, म्हणजे आमच्याकडचा छोटा तलाव, काठोकाठ भरलेली. बैल एका कडेनं रांगेत. पाटलांनी तोरण तोडायचं, मग वासुदेवकाकांची जोडी पहिली जायची, मग बाकीची. काकांच्या घरात हा मान आज्याच्या आज्यापासून. आम्हाला पाटलांनी रांगेच्या शेवटी, मोकळ्या कडेला जागा दिली.

"इंजन बंद कर, बाबू. जनावरं बिचकतेत."

मी इंजिन बंद केलं आणि खाली उतरून चाकांना दगड लावले. वासुदेवकाका बघत होते.

"डोमा, तुहा बैल पळून जाते का गा? पायाखाली गोटे ठेवले."

लोक हसले. मामांची मान खाली गेली. ती मान मला बघवली नाही. मी मुकाट्यानं दगड काढले आणि परत चढून ब्रेकवर पाय दाबून बसलो.

देवळापाशी झडत्या, म्हणजे पोळ्याची तुकबंदी, सुरू झाल्या. एकेक जण हात वर करून म्हणायचा, बाकीचे "हर बोला हर हर महादेव" करायचे. मी हवेच्या काट्याकडं बघत होतो. काटा खाली येत होता. मामांना हाक मारावी तर खोटं उघडं पडणार. इंजिन लावावं तर पाटील रागावणार. झडत्या लवकर संपाव्यात म्हणून मी देवाला हात जोडले. (स्टेअरिंग सोडून. ही माझी अक्कल.)

काटा शून्याला टेकला. गाडीनं सुस्कारा टाकला आणि ती निघाली.

"मामा, दावं सोडा!"

मामांनी सोडलं नाही. फौजी माणूस. दहा-बारा पावलं गाडीसोबत पळाले, मग दावंच तुटलं. मी बैल वाचवत मोकळ्या कडेनं गाडी नेली, आणि क्रेनच्या लाल शिंगानं तोरण अलगद उचललं. आंब्याची पानं, नारळ, सगळं. पाटलांचा हात वरच राहिला. मागं सगळ्या जोड्या उधळून आपापल्या घरी गेल्या. आणि आज्याच्या आज्यापासूनचा मान मिरवत, गळ्यात तोरण घालून, मी बोडीत शिरलो. पाणी बॉनेटवर आलं तेव्हा कुठं आम्ही थांबलो.

काठावर सारं गाव. मला खुंटीवरची पिशवी दिसायला लागली. शर्ट दोनच आहेत, पटकन निघता येईल.

पहिले बोलले देवराव ढिवर. त्यांनी बोडीत मासोळीचं बी टाकलं होतं.

"डिझल उतरलं पान्यात तं माही मासोळी गेली. आजच काढा हे धूड."

"बैल लावा," कोणीतरी म्हणालं.

"पोळ्याच्या दिवशी बैल जुपतेत का?" पाटील.

"टॅक्टर?"

"त्यालेबी हार घातला हाय. आज त्याचीबी सुट्टी."

सगळे मामांकडं बघायला लागले. मी उतरून काठाकडं आलो आणि कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून म्हणालो, "मामा, ब्रेक झाले नव्हते. मी खोटं बोललो."

मामांनी धोतर खोचलं.

"माहीत हाय. मी फौजेत काय गवत कापत होतो का? तू सांगशील म्हनून थांबलो होतो." आणि काठाकडं वळून म्हणाले, "बैल नाही जुपत तं मानसं जुपा. याले सगळ्यात पुढं."

विंचची तार सोडवली, चिंचेला पुली अडकवली, तारेला देवरावांचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधला. मामा असे आवाज देत होते की म्हातारे पाटीलसुद्धा सावधान उभे राहिले. चाळीस माणसं ओढत होती. माझ्या मागं वासुदेवकाका, नव्या धोतरात, दर झटक्याला माझ्या कानाशी म्हणत होते, "ओढ, बैला. ओढ." देवरावांची मासोळी वाचली. धोतर वाचलं नाही.

दिवस मावळायला आम्ही घरी आलो. गाडी बोडीच्या काठावरच राहिली. मामी दारात आरतीचं ताट घेऊन उभ्या. तोरणावरून आलेल्या बैलाचे पाय धुऊन, ओवाळून त्याला पुरणपोळी द्यायची असते.

"बैल कोठी हाय?"

मामांनी मागं वळून बघितलं. मागं मीच होतो, कोपरापर्यंत चिखल, खांद्यावर दोराचे वळ.

"हाच."

मामींनी माझ्या पायांवर पाणी घातलं. मी मागं सरकलो, "मामी, असं नका—"

"उभा राह्य. बैल बोलत नाही."

मी उभा राहिलो. डोळ्यांत चिखल गेला असावा. त्या दिवशी पुरणपोळी तिघांच्याही घशाखाली उतरली. मला पाच वाढल्या. मी मामींच्या तोंडाकडं बघितलं नाही.

गाडी आता गोठ्यात आहे. इंजिन सुरू झालेलं नाही, होईलसं वाटत नाही. वासुदेवकाका अजून ओळख दाखवत नाहीत. पण तेव्हापासून दर पोळ्याच्या आदल्या दिवशी मामा हळद-तुपाची वाटी घेऊन थेट माझ्याकडं येतात. सदरा काढायला लावतात, खांदा मळतात, आणि कानाशी तोंड आणून म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मी मान हलवतो. खुंटीवर आता पिशवी नसते, झूल असते.

गुरुजींचं काहीच चुकलं नव्हतं. फक्त बैलाला जेवायचं आवतण असतं, एवढं त्यांनी वर्षभर आधी सांगितलं असतं, तर मी सातवीतच शाळा सोडली असती.