लाल दिसलं की हाक मार

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत भुवनाचा एसटीडी बूथ होता. ट्रंक कॉलची वाट बघत तासन्‌तास बसणारी गल्ली आता दोन मिनिटांत मद्रासशी भांडण उरकायची, आणि भुवना ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तिचा कान बाहेर पायरीवर खेळणाऱ्या प्रणवेशकडे लागलेला असायचा.

सहा वर्षांच्या या पोराला दुखणं म्हणजे काय ते जन्मापासून ठाऊक नव्हतं. लोक म्हणत, नशीबवान आहे! अशांना भुवना त्याची चावून चावून खरवडलेली जीभ दाखवायची. दुखतच नाही, तर लेकरू सांगणार तरी कसं? म्हणून तिनं बूथमधल्या मीटरचे चमकते आकडे दाखवून त्याच्याकडून एक रंग पाठ करून घेतला होता. अंगावर कुठंही तो दिसला की ओरडायचं, "अम्मा, लाल!" शिवाय रोज दिवेलागणीला ती त्याचे हात, पाय, बोटांच्या बेचक्या तपासायची.

एका बाभळीच्या काट्यानं दोघांनाही फसवलं. टाचेच्या जाड कातडीत तो मोडून बसला, रक्त आलंच नाही. पोर त्यावर आठवडाभर नाचलं आणि पू पार हाडापर्यंत गेला.

इस्पितळात शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही तर भूल कशाला?" भुवनाला हायसंच वाटलं. निजवलेलं पोर पुन्हा उठलंच नाही तर, या धास्तीनं तिचा जीव टांगणीला लागला होता.

भूल देणाऱ्या डॉक्टर श्रीविद्या मात्र ऐकेनात. "सुरी त्याला कळणार नाही, भीती कळेल," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "घाबरून पाय हलवला तर? त्याला घाम येत नाही, अंग तापतं, तेही मी सारखी बघत राहीन. पण तुम्ही हो म्हणायला हवं."

भुवना हो म्हणेना. संमतीचा कागद मांडीवर घेऊन ती बाकावर बसून राहिली. शेजारी प्रणवेश पाय हलवत होता.

"अम्मा, तूं आंत येत नाहीस कीं," तो त्यांच्या घरच्या तंजावुरी मराठीत म्हणाला. "मग लाल आलं तर मी कोणाला हाक मारूं?"

भुवनाला ते डोळ्यांपुढे दिसलं. आत तो एकटा, डोळे टक्क उघडे, आणि तिनंच शिकवल्याप्रमाणे हाका मारत सुटलेला. तिनं सही केली. "निजवा त्याला, डॉक्टर. त्याला काही दिसायला नको."

दोन तास ती व्हरांड्यात येरझारा घालत होती. शेवटी त्याला बाहेर आणलं, टाचेला हे एवढं बँडेज. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू भुवनाला आवरेना.

प्रणवेश घाबरला. गल्लीतली पोरं लाल आलं की रडतात, एवढंच त्याला माहीत होतं. गुंगीतच त्यानं तिचा हात ओढून घेतला, उलटा केला, सुलटा केला, एकेक बेचकी उघडून पाहिली.

"अम्मा, तुज कुठं लाल आलं?"